विज्ञानकथेच्या चर्चेत विज्ञान किती आणि कसं आणायचं : खानदेशातल्या नव्या वाचकांसाठी

विज्ञानकथेवरच्या चर्चेला पहिल्यांदा आलेला माणूस बहुतेक वेळा गप्प बसतो. एक तर त्याला वाटतं, आपण आर्ट्सचे, आपल्याला फिजिक्समधलं काय कळणार. नाहीतर पहिल्या पाच मिनिटांतच कुणीतरी 'हे शक्यच नाही' असं म्हणून गोष्ट निकालात काढतो आणि मग बोलण्यासारखं काही उरतच नाही. जळगावला आमच्या गटात शिक्षक आहेत, भुसावळहून येणारे रेल्वेतले लोक आहेत, रावेर-यावलचे केळीवाले आहेत, कॉलेजची पोरं आहेत. त्यांच्याबरोबर बसून जे जमत गेलं ते इथे मांडतो. धुळ्याला, अमळनेरला, चाळीसगावला कुणाला असा गट सुरू करायचा असेल तर उपयोगी पडेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खरं विज्ञान चर्चेत पाहिजेच, आणि तेही आकड्यांसकट. विज्ञान वगळून विज्ञानकथेवर बोलणं म्हणजे अर्धीच गोष्ट वाचणं. मात्र त्या आकड्यांनी गोष्टीतला प्रश्न मोठा झाला पाहिजे. आकडा सांगून झाल्यावर सगळे गप्प झाले, तर तो वापरण्यात काहीतरी चुकलं असं धरून चाला.

पहिली पायरी : गोष्ट पूर्ण वाचा आणि साल बघा

चुका शोधत वाचू नका. पहिलं वाचन गोष्टीसाठी करायचं. मग पुस्तकाच्या सुरुवातीला प्रकाशकाचा पत्ता असतो ते पान उघडायचं आणि पहिल्या आवृत्तीचं साल टिपून घ्यायचं. याला एक मिनिट लागतं आणि निम्मे वाद तिथेच मिटतात.

बुध ग्रहाचंच बघा. 1965 पर्यंत असं मानलं जात होतं की बुधाची एकच बाजू कायम सूर्याकडे असते. म्हणून जुन्या गोष्टींत बुधाच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर माणसं वस्ती करताना दिसतात. 1965 साली रडारनं मोजणी झाली आणि बुध स्वतःभोवती साधारण 59 दिवसांत फिरतो हे कळलं. त्याच वर्षी मरिनर 4 हे यान मंगळाजवळून गेलं. त्याच्या फोटोंत खड्ड्यांनी भरलेली ओसाड जमीन दिसली आणि मंगळावरचे कालवे कथांपुरतेच उरले. शुक्रावरच्या दलदली आणि जंगलंही अशीच गेली. तिथे पृष्ठभागावर साडेचारशे अंशांच्या वर तापमान असतं. 1950 सालच्या लेखकाला हे माहीत नव्हतं, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या काळात जे माहीत होतं त्याच्याशी तो प्रामाणिक राहिला का, हे मात्र जरूर विचारा.

दुसरी पायरी : लेखकानं नेमका कुठला नियम मोडला?

जवळजवळ प्रत्येक विज्ञानकथेत एखादी गोष्ट आपल्याला मान्य करून घ्यावी लागते. प्रकाशापेक्षा वेगानं जाणारं यान, काळात मागे जाता येणं, माणसाचं मन यंत्रात उतरवणं. ती गोष्ट एका वाक्यात लिहा. 'या कथेत असं धरलंय की...' इथून सुरुवात करा. हे वाक्य सगळ्यांना मान्य होईपर्यंत पुढे जाऊ नका.

त्यानंतर विचारायचं, एकदा धरलं ते शेवटपर्यंत पाळलं का? आणि नियम मोडल्याची किंमत कथेत कुणी मोजली का? चांगला लेखक एखादाच नियम मोडतो आणि बाकीचं जग जसंच्या तसं ठेवतो. प्रकाशापेक्षा वेगवान यान मला चालतं. पण ते यान घेऊन गेलेला माणूस तिसऱ्या प्रकरणात घरी बोलायला वीस मिनिटं थांबतो आणि पाचव्या प्रकरणात तिथूनच लगेच बोलतो, तर ते मला चालत नाही. पृथ्वी आणि मंगळ यांच्यात संदेशाला एका बाजूनं 3 ते 22 मिनिटं लागतात, दोन्ही ग्रह एकमेकांपासून किती लांब आहेत त्यावर. ज्या लेखकानं ही मिनिटं पाळली, त्याच्या गोष्टीत मुलीचा निरोप ऐकणारा बाप जास्त एकटा वाटतो. विज्ञान कथेला देतं ते हे.

साध्या चुका वेगळ्या काढा आणि त्यांच्यावर फार वेळ घालवू नका. पोकळीत स्फोटाचा आवाज येत नाही. अंतराळात सूटशिवाय गेलेला माणूस त्याच क्षणी गोठत नाही, कारण उष्णता वाहून न्यायला तिथे हवाच नसते. यानासाठी उलट उष्णता बाहेर टाकणं हेच अवघड काम असतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर त्यासाठी मोठाले रेडिएटर, म्हणजे आतून अमोनिया फिरणारे सपाट पत्रे, बसवलेत, ते उष्णता किरणांच्या रूपात बाहेर सोडतात. एकदा सांगायचं आणि पुढे जायचं.

तिसरी पायरी : कागद घ्या, गणित करा

आमच्याकडे सगळ्यात जास्त रंगतं ते हेच, म्हणून इथे जरा थांबतो. 'फार लांब आहे', 'फार ऊर्जा लागेल' असं मोघम बोलण्यापेक्षा चार ओळींचं गणित करा. दहावीच्या पलीकडचं काही लागत नाही. लाख आणि कोटी आपल्याला तोंडपाठ असतातच, त्यांतच हिशोब करा.

समजा कथेत एक यान सूर्यानंतरच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याकडे, प्रॉक्सिमा सेंटॉरीकडे, निघालंय. अंतर 4.24 प्रकाशवर्षं. एक प्रकाशवर्ष म्हणजे 9.46 लाख कोटी किलोमीटर, म्हणजे एकूण साधारण 40 लाख कोटी किलोमीटर. माणसानं पाठवलेलं सगळ्यात लांब पोचलेलं यान म्हणजे व्हॉयेजर 1, त्याचा वेग सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर. वर्षात 3.15 कोटी सेकंद असतात, म्हणजे ते वर्षाला साधारण 53.5 कोटी किलोमीटर जातं. भागाकार करा. पंचाहत्तर हजार वर्षांच्या आसपास उत्तर येतं.

आता कथेतला कप्तान म्हणतो, आपण वीस वर्षांत पोचू. म्हणजे प्रकाशाच्या एकवीस टक्के वेग हवा, सेकंदाला साधारण 63,600 किलोमीटर. एक किलो वजनाला या वेगापर्यंत न्यायला किती ऊर्जा लागेल? वस्तुमानाचं निम्मं गुणिले वेगाचा वर्ग, हे शाळेतलंच सूत्र. उत्तर विजेच्या युनिटमध्ये आणलं तर 56 कोटी युनिटच्या पुढेच येतं.

56 कोटी म्हणजे किती, हे आपल्या डोळ्यांपुढे यायला हवं. भुसावळजवळच्या दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे, त्याच्या चिमण्या रेल्वेतून दिसतात. तिथला 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेनं चालला तर दिवसाला 1.2 कोटी युनिट वीज तयार होते. म्हणजे एका किलोसाठी तो संच सलग दीड महिना चालवायचा, आणि जराही वीज वाया न जाता सगळी त्या किलोतच गेली पाहिजे. पोचल्यावर थांबायचं असेल तर तेवढीच ऊर्जा पुन्हा लागणार, आणि ब्रेकसाठीचं इंधनही बरोबर न्यायचं म्हणजे त्याचंही वजन वाढलं. आता माणसं, पाणी, अन्न, भिंती सगळं मोजा.

हा हिशोब फळ्यावर झाला की चर्चेचा सूर बदलतो. 'अशक्य आहे' यावर कुणी थांबत नाही. मग प्रश्न येतात: यान इतकं महाग असेल तर त्यात कुणाला बसवतील? एका माणसाऐवजी काही ग्रॅमचं यंत्र का पाठवू नये? वीस वर्षांऐवजी चारशे वर्षं घेतली तर यानातच जन्मलेल्या पिढीला परतायचा हक्क आहे का? या प्रश्नांसाठीच आपण विज्ञानकथा वाचतो. आकड्यांनी आपल्याला तिथे आणून सोडलं.

सापेक्षतेबद्दलही, म्हणजे वेग आणि गुरुत्वाकर्षण यांनी घड्याळाची चाल बदलते या आइन्स्टाइनच्या सिद्धांताबद्दलही, असंच करा. कथेतला अंतराळवीर परत येतो तेव्हा त्याचा भाऊ म्हातारा झालेला असतो, हे वाचून कुणीतरी हमखास म्हणतं की ही नुसती कल्पना आहे. त्याला त्याचा मोबाइल खिशातून काढायला सांगा. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे पळतात. वेग आणि गुरुत्वाकर्षण या दोन्हींचा मिळून तो परिणाम असतो आणि त्याची दुरुस्ती आधीच केलेली असते. ती केली नसती तर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरची चूक साचली असती. त्यातला वेगाचा परिणाम घड्याळ मागे पाडतो, कथेनं तोच फक्त मोठा करून दाखवलाय.

चौथी पायरी : तुमच्या कामातलं विज्ञान घेऊन या

'मला विज्ञान येत नाही' म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, तुमचं काम काय?

माणसांच्या नकला तयार करणाऱ्या शहराची एक कथा आम्ही वाचली. सगळे एकसारखे, सगळे धट्टेकट्टे, म्हणून शहर अजिंक्य. रावेरकडच्या एका केळीवाल्या भाऊंनी तिथेच हात वर केला. आपल्याकडची बहुतेक केळी आता ऊतिसंवर्धनाच्या रोपांची, ग्रँड नैन जातीची. सगळी खोडं आनुवंशिकदृष्ट्या एकमेकांची नक्कल. त्यामुळे घड एकाच वेळी तयार होतात, व्यापाऱ्याला माल एकसारखा मिळतो, हा फायदा. पण रोग आला की एक खोड पडलं म्हणून दुसरं वाचेल अशी आशा नसते. हरण्या आला, म्हणजे मावा किडीनं पसरवलेला विषाणू, की पानांवर पट्टे दिसायला लागतात आणि ती खोडं उपटून नष्ट करण्याशिवाय इलाज राहत नाही. मग भाऊ म्हणाले, त्या शहराचा शत्रू सैन्य घेऊन कशाला येईल, रोगाची एक साथ सोडली की झालं.

त्यांना जे शेतात दिसलं तेच जगात घडून गेलंय. पूर्वी निर्यातीत ग्रो मिशेल नावाची केळीची जात चालायची. पनामा रोगानं तिच्या बागाच्या बागा गेल्या आणि 1950-60 च्या सुमारास तिची जागा कॅव्हेंडिश गटानं घेतली. आपली ग्रँड नैन त्याच गटातली.

भाऊंचं दुसरं म्हणणं मला त्याहून मोलाचं वाटलं. नक्कल असली तरी दोन खोडांचे घड एकाच वजनाचे येत नाहीत. मृगबागेतलं खोड आणि कांदेबागेतलं खोड जनुकांनी एकच, पण लावणीचा महिना, पाणी, थंडी, माती वेगळी, म्हणून घड वेगळा. कथेत नकलांच्या मनातले विचार आणि आठवणीही एकसारख्या दाखवल्या होत्या; त्याला इतकं नेमकं उत्तर जीवशास्त्राच्या पदवीधरानंही दिलं नसतं.

उन्हाबद्दल तर आपल्याला कुणी शिकवायची गरजच नाही. तापलेल्या पृथ्वीवरच्या कथा हल्ली बऱ्याच येतात आणि त्यांत '50 अंश' लिहिलं की भय निर्माण झालं असं लेखकांना वाटतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात 45 अंश होतात, तरी माणसं कामाला जातात. तर मग नुसत्या आकड्यानं मरण ठरत नाही. घाम वाळतो की नाही यावर ठरतं. तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला की दिसणारं तापमान इथे महत्त्वाचं. 45 अंश आणि हवेत 20 टक्के आर्द्रता असेल तर हे ओलं तापमान 26 च्या जवळपास राहतं. म्हणूनच आपला कूलर आणि माठ भर उन्हाळ्यात उत्तम चालतात आणि पहिला पाऊस पडला की तोच कूलर नुसता चिकचिक वाढवतो. उलट 38 अंश आणि 80 टक्के आर्द्रता धरली तर ओलं तापमान 35 च्या जवळ जातं. त्वचेचं तापमानही साधारण तेवढंच असतं, त्यामुळे घामानं अंग थंडच होत नाही. सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो. प्रयोगांमध्ये तर धोक्याची पातळी याच्याही खाली असल्याचं आढळलंय. आता अशी कथा वाचताना खानदेशी वाचकानं विचारायला हवं: हवा कोरडी आहे की दमट? लेखकानं हे लिहिलंच नसेल तर त्यानं संकटाचा अर्धा भाग लिहायचा सोडून दिला.

गार्ड, वायरमन, नर्स, विहिरी खोदणारे, दूध संघातले लोक, सगळ्यांकडे असं काही ना काही असतं. ते आपल्या बोलीत सांगावं. आमच्याकडे धुळ्याचा एक मित्र प्रत्येक कथेनंतर 'हाई खरं शे का?' असं विचारतो आणि आमची चर्चा बऱ्याचदा तिथून सुरू होते.

पाचवी पायरी : 'हे तर आपल्याकडे आधीच होतं'

हा विषय निघतोच. त्याला टाळू नका आणि बोलणाऱ्याला हिणवूही नका. आपल्याकडे त्यासाठी एक अस्सल उदाहरण आहे.

चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीजवळच्या पाटणला एक शिलालेख सापडला, शके 1128 चा, म्हणजे इसवी सन 1206-07 च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला आणि त्याला राजाश्रय मिळाला, असं त्यात आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखात एका गणितज्ञाचे ग्रंथ समजून घेण्यासाठी संस्था उभी होती. मला याचा अभिमान वाटतो.

याच भास्कराचार्यांनी 1150 मध्ये पूर्ण केलेल्या सिद्धांतशिरोमणीत आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन आहे. हलक्या लाकडाचं चाक, त्याला थोडे वाकडे पोकळ आरे, आऱ्यांत अर्धा पारा भरून तोंडं बंद केलेली. एका बाजूचा पारा कडेला जातो, दुसऱ्या बाजूचा आसाकडे येतो, म्हणून चाक फिरत राहील, अशी ती कल्पना. गटात कुणी म्हणालं की बघा, फुकटची ऊर्जा आपल्याकडे होती, तर चाकाचं चित्र काढा आणि गणित करा. चाक एक फेरा पूर्ण करून मूळ जागी आलं की पाराही होता त्याच उंचीवर येतो. गुरुत्वाकर्षणातून मिळालेलं आणि परत दिलेलं समसमान होतं, वर आसाचं घर्षण जातं ते वेगळंच. चाक थांबणार. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम एकोणिसाव्या शतकात पक्का झाला, त्यामुळे बाराव्या शतकातल्या माणसाचा मोठेपणा यानं कमी होत नाही. पाटणच्या मठात नेमकं काय चालत असेल? ग्रंथातलं विधान घ्यायचं आणि ते सिद्ध होतं का बघायचं. तेच आपण करावं. आणि असं चाक खरंच फिरत राहिलं असतं तर काय झालं असतं, यावर सुंदर कथा लिहिता येईल. तीही कुणीतरी लिहावी.

सहावी पायरी : बोलायची रीत

1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं कृष्णविवरावरची एक कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. ती जयंत विष्णू नारळीकरांची होती. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे नाव घेतलं होतं. तोवर ते खगोलभौतिकशास्त्रात जगप्रसिद्ध झालेले होते, तरी नावाच्या वजनावर कथा जाऊ नये असं त्यांना वाटलं. आपल्या गटातही तसंच ठेवा. प्राध्यापकांचं म्हणणं पदवीमुळे खरं ठरत नाही आणि बारावीतल्या पोरीचं वयामुळे खोटं ठरत नाही. गणित फळ्यावर मांडलं की ते सगळ्यांचं होतं.

'हे चुकीचं आहे' याच्याऐवजी 'हे खरं धरलं तर मग अमुकही व्हायला पाहिजे, ते कथेत दिसतं का?' असं विचारा. विज्ञानातही मतभेद असतात हे लक्षात ठेवा. नारळीकर आणि फ्रेड हॉईल यांनी महास्फोटाच्या सर्वमान्य सिद्धांताला पर्याय मांडला, त्यावर वर्षानुवर्षं वाद घातला, पण तो निरीक्षणं आणि समीकरणं पुढे ठेवून. बहुतेक शास्त्रज्ञांना तो पर्याय पटला नाही. चर्चेत असं म्हणणं आलं तर दोन्ही बाजू सांगाव्यात आणि आज बहुसंख्य कुठे आहेत तेही सांगावं.

शेवट आधीच फोडू नका. ज्यांचं वाचून झालेलं नसेल त्यांना सुरुवातीलाच विचारून घ्या.

सातवी पायरी : तपासायचं कुठे

सगळ्यात आधी दहावीचं बालभारतीचं विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग 1. पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे, त्यात मुक्तिवेग आहे, म्हणजे पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला 11.2 किलोमीटर, शेवटी अवकाश मोहिमांचा धडा आहे. अर्ध्याअधिक कथांना एवढं पुरतं. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे, पण नोंद कधीची आहे ते बघा, खगोलशास्त्रातल्या जुन्या नोंदी मागे पडतात. ग्रह आणि यानांच्या ताज्या आकड्यांसाठी इस्रो आणि नासाची संकेतस्थळं. मोबाइलनं तयार करून दिलेलं उत्तर जसंच्या तसं वाचून दाखवू नका. त्यातला आकडा आणखी एका ठिकाणी पडताळा, निदान एकदा स्वतः गुणून-भागून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं तर चर्चेत आणूच नका.

पहिल्या बैठकीसाठी

दहा-पंधरा पानांची एकच कथा घ्या, कादंबरी नको. ती आठवडाभर आधी सगळ्यांना मिळाली पाहिजे. सहा-सात माणसं पुरतात. फळा किंवा मोठा कागद हवाच. पहिली वीस मिनिटं फक्त गोष्टीवर: कोण आवडलं, कुठे धक्का बसला. त्यानंतर 'या कथेत असं धरलंय की' हे वाक्य. मग एकच गणित, सगळ्यांनी मिळून. उन्हाळ्यात गच्चीवर रात्री नऊनंतर बसलात तर वारा सुटलेला असतो आणि ज्या ताऱ्याबद्दल बोलताय तो दाखवताही येतो. अर्थात प्रॉक्सिमा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचे तेजस्वी सोबती, अल्फा सेंटॉरीची जोडी, आपल्या अक्षांशावरून मे महिन्यात दक्षिणेला क्षितिजाजवळ दिसते. तिकडची बाजू मोकळी असलेली गच्ची निवडा.

एक वही ठेवा. ज्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी कुणालाच देता आलं नाही तो तारीख घालून लिहायचा, शोधून आणायचं ज्यानं कबूल केलं त्याचं नाव पुढे टाकायचं, आणि पुढची बैठक त्याच पानापासून सुरू करायची.